बटणाची पाठ

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. आमच्या पेठेतील एक कापडव्यापारी स्नेही धाकट्या चिरंजीवांच्या विवाहाच्या तयारीत गुंतले होते. स्वागतसमारंभासाठी सूट शिवून आला होता. सदऱ्याला दुहेरी घडीचे कफ ठेवले होते आणि त्यांना शोभतील अशी जोडबटणे, म्हणजेच कफलिंक, हवी होती. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या पुतण्याने काही छायाचित्रे पाठविली होती. जुन्या लष्करी गणवेशांवरील पितळी बटणांपासून तेथील कारागीर कफलिंक तयार करतात आणि लग्नकार्यात, वाढदिवसाला, निवृत्तीच्या वेळी ती मानाची भेट समजली जाते. चिरंजीवांना ती कल्पना फार आवडली.

त्यांच्या पेढीवर चाळीस वर्षे कीर्द-खतावणी लिहिणारे वृद्ध दिवाणजी हे बोलणे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक गंजलेला पत्र्याचा डबा आणला. आत सहा पितळी बटणे होती, दोन मोठी आणि चार लहान. "आमच्या आजोबांची आहेत, साहेब. बसऱ्याच्या लढाईला गेले होते. कोट केव्हाच कुजून गेला, एवढीच राहिली," असे ते मला म्हणाले. स्नेह्यांनी लगेच योग्य किंमत देऊ केली, दिवाणजींनीही संकोचून होकार दिला. कारागिराकडून मागच्या कड्या कापून घ्यायच्या आणि त्या जागी कफलिंकचा दांडा डाखून घ्यायचा, असे ठरले.

मी सहज एक बटण हाती घेतले आणि पालथे करून पाहिले. ही सवय जुनी आहे. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाचा हात धनादेशाची पुढची बाजू वाचताच आपोआप पाठीकडे वळतो. रक्कम पुढे लिहिलेली असते, परंतु तो कागद कोणाच्या हातातून कोणाकडे गेला, हे पाठीवरच्या सह्या सांगतात. आपल्या पूर्वजांनी हुंडीच्या व्यवहारात हीच शिस्त पाळली. बटणाच्या पाठीवर बारीक अक्षरांत लंडनच्या एका बटणकाराचे नाव होते. मी स्नेह्यांना म्हटले, "आज कारागिराकडे पाठवू नका. आठ दिवस थांबा." त्या आठ दिवसांत जे वाचले आणि पडताळून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

मनगटाची जोडबटणे

आपल्याकडे अंगरख्याला आणि बाराबंदीला बंद असत. बाराबंदीचे नावच तिच्या बारा बंदांवरून पडले. पुढे सदरा आला आणि सुखवस्तू घरांतून साखळीने जोडलेली सोन्याची बटणे आली. ही बटणे सदऱ्याला शिवलेली नसत. सदरा धुण्यास टाकताना ती काढून पेटीत ठेवायची आणि पुढच्या सणाला पुन्हा काढायची. कफलिंकची कल्पनाही हीच आहे. कफच्या दोन्ही कडांना काजे असतात, बटण मात्र नसते. दोन्ही कडा एकत्र आणून त्यांतून हे सुटे जोडबटण ओवायचे.

इंग्लंडात या प्रकाराची सुरुवात सतराव्या शतकातील मानली जाते आणि तिचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रागांझा यांचा विवाह १६६२ मध्ये झाला. त्याआधी १६६१ मध्ये झालेल्या तहान्वये मुंबई बेट इंग्लंडकडे आंदण म्हणून गेले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मुकुटाखाली दोन हृदये कोरलेली त्या काळातील छोटी जोडबटणे इंग्लंडमधील शेतांत आजही सापडतात. ती याच विवाहाच्या स्मरणार्थ घडविली गेली असावीत, असे अभ्यासक मानतात. ज्या लग्नात मुंबईचा हात बदलला, त्या लग्नाची आठवण सामान्य इंग्रज आपल्या मनगटावर मिरवीत होता.

गणवेशावरील आकडा

लष्करी बटणाचा इतिहास याहून शिस्तबद्ध आहे. १७६७ मध्ये इंग्लंडच्या राजाज्ञेने पायदळाच्या प्रत्येक पलटणीने आपला क्रमांक बटणांवर घालावा, असे ठरले. तेव्हापासून बटण हे केवळ कोट बंद करण्याचे साधन राहिले नाही. सैनिक कोणत्या पलटणीचा, हे सांगणारा तो दाखला झाला. अधिकाऱ्यांची बटणे सोन्याच्या अथवा चांदीच्या मुलाम्याची असत, तर साध्या शिपायांना कथिलाच्या मिश्रधातूची, करड्या रंगाची बटणे मिळत. १८३० मध्ये खड्या फौजेतील अधिकाऱ्यांसाठी सोनेरी आणि मिलिशियासाठी चांदीचा रंग असा भेद ठरविण्यात आला. १८५५ च्या सुमारास नव्या आखूड कोटाबरोबर शिपायांनाही पितळी बटणे मिळाली.

१८७१ मध्ये काटकसरीचा विचार झाला. शिपायांच्या बटणांवरील पलटणींचे क्रमांक काढून सर्वांसाठी राजचिन्हाचे, सिंह व एकशिंगी घोडा असलेले, एकच बटण ठरविण्यात आले. अधिकाऱ्यांची पलटणनिहाय बटणे मात्र चालू राहिली. १८८१ मध्ये इंग्रज पायदळातील पलटणींचे क्रमांक जाऊन त्यांना प्रांतांची नावे मिळाली, तेव्हा अधिकाऱ्यांची बटणेही बदलली. हे तपशील रुक्ष वाटतील, परंतु जुने बटण ओळखण्याच्या किल्ल्या त्यांतच आहेत. क्रमांक असलेले इंग्रज शिपायाचे बटण बहुधा १८७१ पूर्वीचे असते. सिंह-एकशिंगी घोड्याचे बटण त्यानंतरच्या दीर्घ काळातील असते आणि दोन महायुद्धांत ते अफाट संख्येने तयार झाले. आज बाजारात 'ब्रिटिश लष्कराची पुरातन कफलिंक' म्हणून जे मिळते, त्यातील बराचसा माल या सर्वसामान्य बटणांचा असतो.

बटणाच्या दाखल्याचे मोल किती असू शकते, याचे एक उदाहरण लिथुआनियातील आहे. तेथील व्हिल्नियस शहरात २००१ मध्ये बांधकामाच्या खोदाईत एक सामूहिक दफनभूमी उघडकीस आली. तेथे तीन हजारांहून अधिक माणसांचे अवशेष निघाले. १८१२ च्या हिवाळ्यात रशियातून परतताना थंडीने, उपासमारीने व रोगांनी मेलेले हे नेपोलियनचे सैनिक होते. ही ओळख पटविण्यात अवशेषांबरोबर सापडलेल्या बटणांवरील पलटणींच्या क्रमांकांचा मोठा वाटा होता. पहिल्या महायुद्धातील अनेक अनामिक समाध्यांवर सैनिकाचे नाव नाही, तरी पलटणीचे नाव आहे. ते कित्येकदा अवशेषांसोबत मिळालेल्या बटणावरून अथवा बिल्ल्यावरूनच कळलेले असते. माणसाचे नाव पुसले गेले, तरी त्याच्या कोटाने त्याची पलटण सांगितली.

बर्मिंगहॅमचा व्यापार

ही बटणे मुख्यतः लंडन आणि बर्मिंगहॅम येथे तयार होत. १६५५ पासूनचा वारसा सांगणारी लंडनची फर्मिन अँड सन्स ही या धंद्यातील सर्वांत प्रसिद्ध पेढी. बर्मिंगहॅममध्ये तर बटणांचे लहानमोठे असंख्य कारखाने होते. हिशेब डझनांत आणि ग्रोसमध्ये, म्हणजे १४४ नगांत, चाले. पितळी पत्र्यातून चकती कापायची, पोलादी ठशावर ठोकून तिच्यावर चिन्ह उठवायचे, मागची चकती बसवून कडा दुमडायची, कडी डाखायची आणि शेवटी मुलामा द्यायचा, असा कामाचा क्रम असे.

आपल्या व्यापारी वाचकांना मुलाम्याचा भाग विशेष रंजक वाटेल. सोने पाऱ्यात विरघळवून त्याचा लेप बटणांना लावीत आणि भट्टीत तापवीत. पारा उडून जाई आणि सोने चिकटून राही. किती सोने लावले, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळणे अशक्य होते, त्यामुळे फसवणुकीला मोकळे रान होते. म्हणून १७९६ मध्ये इंग्लंडच्या संसदेने धातूच्या बटणांसाठी कायदाच केला. एक इंच व्यासाच्या एका ग्रोस बटणांना किमान पाच ग्रेन सोने लावले असेल, तरच त्या मालाला 'गिल्ट' म्हणजे सोन्याच्या मुलाम्याचा म्हणता येईल, असे प्रमाण ठरले.

पाच ग्रेन म्हणजे किती? सुमारे एक तृतीयांश ग्रॅम. आपल्या जुन्या मापाने पावणेतीन गुंजांहून किंचित कमी. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. म्हणजे एका तोळ्यात ३६ ग्रोस, अर्थात ५,१८४ बटणे कायदेशीररीत्या सोनेरी होत. सोने इतके विरळ असूनही त्याचे प्रमाण कायद्याने बांधून द्यावे लागले, कारण प्रश्न सोन्याच्या वजनाचा नव्हता, शब्दाच्या विश्वासाचा होता. अनेक बटणांच्या पाठीवर कारखान्याच्या नावाबरोबर 'गिल्ट', 'ट्रेबल गिल्ट', 'बेस्ट क्वालिटी' अशी अक्षरे दिसतात. पाठीवर नाव घालणारा कारखानदार आपल्या मालाची जबाबदारी स्वीकारीत असे.

या झगमगाटाची किंमत मात्र कामगारांनी मोजली. पाऱ्याच्या वाफेने मुलामा देणाऱ्यांचे हात थरथरू लागत आणि प्रकृती ढासळे. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्याच एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले आणि पाऱ्याची पद्धत हळूहळू मागे पडली.

पुढे ही बटणे गणवेशातून बाजारात आली, त्याचेही कारण आहे. पितळी बटण रोज घासावे लागे. कापडाला डाग पडू नये म्हणून बटणांखाली खाचेची पितळी पट्टी सरकवायची आणि ब्रासोने बटणे लख्ख करायची, हा सैनिकाचा नित्यनेम होता. १९५० च्या दशकापासून न घासताही चमकणारी ॲल्युमिनियमची बटणे आली. त्याच सुमारास आणि त्यानंतर अनेक इंग्रज पलटणी एकमेकींत विलीन झाल्या. जुनी पितळी बटणे निरुपयोगी ठरली आणि डबेच्या डबे भंगारवाल्यांकडे व जुन्या वस्तूंच्या दुकानांत गेले. कफलिंक करणाऱ्या कारागिरांना कच्चा माल मिळाला तो असा.

बटण कसे वाचावे

प्रथम मुकुट पाहावा. १९०१ पर्यंत व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुट असे. १९०१ नंतर राजांच्या कारकिर्दीत वरून गोलसर, घुमटासारख्या कमानींचा मुकुट आला. १९५३ पासून दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळात मध्यभागी खोलगट कमानींचा मुकुट होता. सावधगिरीची गोष्ट अशी की, विद्यमान राजे तिसरे चार्ल्स यांनी २०२२ मध्ये पुन्हा घुमटाकार कमानींचाच मुकुट स्वीकारला आहे. तेव्हा केवळ गोलसर मुकुट पाहून बटण शंभर वर्षांचे ठरविणे यापुढे धोक्याचे आहे.

भारतीय फौजेच्या बटणांसाठी आणखी तीन खुणा आहेत. १९०३ मध्ये भारतातील पलटणींना नवे क्रमांक दिले गेले आणि मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळविण्यात आले. तिसरी पलटण १०३ वी झाली, दहावी ११० वी झाली. १९२२ मध्ये १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी एकत्र करून 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' उभी राहिली. तिचे केंद्र बेळगावला आले. म्हणजे मराठा पलटणीचा तीन आकडी क्रमांक बटणावर असेल, तर तो नमुना १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतील ठरतो. आणि २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक आल्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. लाइट इन्फन्ट्रीचे चिन्ह बिगूल हे होते. रणांगणावर पांगून लढणाऱ्या या चपळ पलटणींना हुकूम बिगुलाच्या आवाजाने दिले जात.

त्यानंतर बटण पालथे करावे. पाठीवरील कारखान्याचे नाव, त्याची भाषा, पत्ता आणि पेढीचे स्वरूप काळाप्रमाणे बदलत गेले. त्यावरून अभ्यासक बटणाचा काळ अधिक नेमका ठरवितात. कडीचा आकार व ती बसविण्याची पद्धतही काही सांगते. पुढची बाजू वर्षानुवर्षे घासून पुसट झालेली असते. पाठ कोणी घासत नाही, म्हणून तेथील अक्षरे बहुधा शाबूत राहतात.

कफलिंक करताना काय हरवते

कफलिंकसाठी साधारणतः १५ ते १८ मिलिमीटर व्यासाची, कफवरची अथवा टोपीवरची लहान बटणे घेतात. कोटावरील २५ मिलिमीटरची मोठी बटणे मनगटावर जड होतात. रूपांतराच्या तीन पद्धती आहेत.

पहिली पद्धत कडी कापून पाठ सपाट घासण्याची आणि त्यावर फिरता दांडा डाखण्याची. ही टिकाऊ आणि दिसण्यास सफाईदार असते. परंतु घासण्यात पाठीवरची अक्षरे जातात, डाखण्याच्या उष्णतेने मुलामा काळवंडतो आणि पोकळ बटणात कोंडलेली हवा तापून फुगल्यास शिवण उघडू शकते. कथिलाच्या मिश्रधातूचे जुने बटण तर डाखूच नये. शुद्ध कथिलच २३२ अंश सेल्सिअसला वितळते.

दुसरी पद्धत कडी कापून दांडा रासायनिक चिकटद्रव्याने बसविण्याची. यात उष्णता नसते, तरी कडी जाते आणि अक्षरे गोंदाखाली झाकली जातात.

तिसरी पद्धत सर्वांत जुनी व साधी. कडी तशीच ठेवायची, तिच्यात बारीक साखळी अथवा दुवा ओवायचा आणि दुसऱ्या टोकाला लहान दांडी किंवा दुसरे बटण जोडायचे. बटणाला ओरखडाही येत नाही आणि हवे तेव्हा साखळी सोडविता येते. आपल्या सदऱ्याच्या साखळीच्या बटणांचा हाच धर्म आहे. कोणत्याही सराफी कारागिराला हे काम तासाभराचे आहे.

सर्वच बटणांना हा न्याय लावावा, असे माझे म्हणणे नाही. महायुद्धकाळातील सिंह-एकशिंगी घोड्याचे बटण आजही ढिगांनी उपलब्ध आहे. त्याची कडी कापली, म्हणून इतिहास गरीब होत नाही. उलट भंगारात जाणारी वस्तू कोणाच्या तरी मनगटावर जपली जाते. विचार करावयाचा तो क्रमांक असलेल्या, जुन्या, विरळा बटणांचा आणि विशेषतः घरात वारशाने आलेल्या बटणांचा.

विकत घेताना

अमेरिकेतही असा व्यापार मोठा आहे. कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी हे तेथील बटणांचे गाव. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातील अधिकाऱ्यांच्या गरुडाच्या बटणांवर ढालीत अक्षर असे. 'आय' म्हणजे पायदळ, 'ए' तोफखाना, 'सी' घोडदळ. उत्तरेकडील बटणे विपुल आहेत. दक्षिणेकडील राज्यांत कारखाने थोडे होते, त्यामुळे त्यांची काही बटणे सागरी नाकेबंदी चुकवून इंग्लंडहून आणली जात. ती विरळा व महाग, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही फार. जुन्या ठशांवरून पुढे पुन्हा पाडलेली बटणे तर पुढून अस्सल बटणासारखीच दिसतात. फरक शोधावा लागतो तो पाठीवर, आणि कफलिंक केलेल्या बटणाची पाठ घासून गेलेली असते.

म्हणून विकत घेणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत. बटण मूळ आहे की जुन्या नमुन्यावर नव्याने पाडलेले? कोणत्या पलटणीचे आणि कोणत्या काळातील? रूपांतरापूर्वीच्या पाठीचे छायाचित्र आहे काय? आणि हे सर्व पावतीवर लिहून मिळेल काय? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. नव्याने पाडलेले बटण घेण्यातही काही गैर नाही, मात्र ते नवे म्हणून आणि नव्याच्या भावाने घ्यावे. 'पुरातन शैलीचे' आणि 'पुरातन' या दोन शब्दांतील अंतर कापडाच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. रेशमी आणि रेशमासारखे यांत जितके अंतर असते, तितकेच ते आहे.

एक सूचना परदेशी नातलगांना भेट पाठविणाऱ्यांसाठी. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. घरातील जुने बटण परदेशी पाठवायचे असेल, तर ते पुरावस्तू ठरते की नाही, याबाबत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून आधी लेखी प्रमाणपत्र घ्यावे.

आणि घरी अशी बटणे असतील, तर त्यांना चकाकी आणण्याचा मोह आवरावा. मऊ कोरड्या फडक्याने पुसून, कोरड्या जागी, एकमेकांना लागणार नाहीत अशी ठेवावीत. प्रत्येक घासणीत पुढच्या अक्षरांचा थोडा भाग जातो.

सहा बटणांचा निकाल

आठ दिवसांनी आम्ही तिघे पेढीवर बसलो. भिंग आणि टेबलावरचा दिवा एवढीच साधने होती. बटणाची पुढची बाजू आजोबांनी घासून घासून गुळगुळीत केली होती, तरी तिरप्या उजेडात गोलसर कमानींचा मुकुट आणि त्याखाली बिगूल दिसला. बिगुलाच्या दोरीत आकडा होता. पाच बटणांवर तो वाचता येईना. सहाव्यावर, जे बहुधा कधी वापरलेच गेले नसावे, तो स्पष्ट होता: ११०.

गोल मुकुट, म्हणजे १९०१ नंतरचा. तीन आकडी क्रमांक, म्हणजे १९०३ ते १९२२ मधला. पाठीवरच्या इंग्रज कारखान्याच्या नावाशी हे विसंगत नव्हते. बटण ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते.

ही पलटण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये होती. जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कूत-अल-अमारा येथे या फौजेला वेढा घातला. अन्न संपले, सोडविण्यासाठी आलेल्या तुकड्या पोहोचू शकल्या नाहीत आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेला शरण जावे लागले. हजारो सैनिकांना वाळवंटातून पायी बंदिवासात नेण्यात आले. त्यांतील पुष्कळ जण परतले नाहीत.

मी हे सांगत असताना दिवाणजी एकदम म्हणाले, "आमची आजी सांगायची, साहेब, की दोन-अडीच वर्षे आजोबांचे पत्रच नव्हते. घरच्यांनी आशा सोडली होती. मग एक दिवस दारात उभे राहिले, कोणी ओळखले नाही. कुठे होतात, विचारले तर एवढेच म्हणायचे, बसऱ्याकडे."

येथे मला बँकेतली शिस्त आठवली. बटण पलटण सांगते. बंदिवास सांगत नाही. दोन-अडीच वर्षांचे मौन आणि कूतच्या शरणागतीनंतरचा काळ जुळतो, पण जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. मी दिवाणजींना तसे स्पष्ट सांगितले आणि बेळगावच्या केंद्राकडे नाव, गाव व पलटणीचा क्रमांक लिहून चौकशी करावी, असे सुचविले. आजवर त्यांच्याजवळ विचारण्यासाठी क्रमांकच नव्हता. 'बसऱ्याला गेले होते' एवढ्या वाक्यावर कोणते कार्यालय शोध घेणार?

स्नेही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सहाही बटणे डब्यात ठेवून तो दिवाणजींच्या हाती दिला आणि म्हणाले, "दिवाणजी, हा सौदा मी मोडला. मी तुम्हाला बटणांची किंमत देत होतो. ही वस्तू काय आहे, हे तुम्हालाही ठाऊक नव्हते आणि मलाही. अशा व्यवहाराला मी सौदा म्हणणार नाही." बाजारात अशा सहा बटणांना फार मोठा भाव आला असता, असेही नाही. दिवाणजींच्या नातवंडांना मात्र ती दुसरीकडे कोठेही विकत मिळाली नसती.

चिरंजीवांच्या सूटचा प्रश्न पुतण्याने सोडविला. महायुद्धकाळातील सर्वसामान्य सिंह-एकशिंगी घोड्याची दोन लहान बटणे, कडी न कापता साखळीने जोडलेली, त्याने पाठविली. सोबत पाठीचे छायाचित्र आणि पावतीही होती. लग्नात ती सर्वांना आवडली.

दिवाणजींनी आपली बटणे एका जाड कापडाच्या तुकड्यावर, कडीतून दोरा ओवून, रांगेत बांधली. त्याखाली कीर्दीच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी लिहिली: आजोबांचे पूर्ण नाव, गाव, पलटणीचा क्रमांक, आणि बटणे कोणाकडून कोणाकडे आली त्यांची नावे. चौथ्या नावाची जागा त्यांनी कोरी ठेवली आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोळच्या पेटीत, देव्हाऱ्याखालच्या खणात अथवा पेढीच्या जुन्या गल्ल्यात असे एखादे बटण, बिल्ला किंवा शिक्का पडून असेल. तो मोडीत घालण्यापूर्वी अथवा त्याचा दागिना करण्यापूर्वी एकदा पालथा करून पाहावा, आणि जे वाचता येईल ते त्याच दिवशी कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवावे.